घासलेले डबे

गिरगाव, मुंबई
१२ सप्टेंबर १९७८

आनंदीवहिनींस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

आधी पेढा तोंडात घाला, मग पत्र वाचा. कंपनीनं होकार दिला! ऑक्टोबरपासून दरमहा दीड हजार रुपये मंडळाच्या खात्यात जमा होणार. जागेचं भाडं, वायरिंगच्या मास्तरांचा पगार, पोरांचं जेवणखाण, सगळं त्यात बसतं. दामू असता तर त्यानं मला उचलूनच घेतलं असतं. मॅट्रिक नापास पोरांना पोटाला लावायचं म्हणून जुन्या भातगिरणीत त्यानं हे मंडळ काढलं, तेव्हा लोक हसले होते. आज एवढी मोठी कंपनी आपल्या पाटीवर स्वतःचं नाव लावायला निघाली आहे.

एक अट मात्र आहे. त्यांचे अधिकारी गेल्या महिन्यात कर्जतला आले तो नेमका रविवार होता आणि आपली पोरं खांद्यावर पोती घेऊन कळंबकडे घरोघरच्या डब्यांतला मुठीचा तांदूळ गोळा करायला निघाली होती. साहेबांना ते आवडलं नाही. आमचं नाव लागल्यावर मुलं दारोदार फिरताना दिसता कामा नयेत, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मलाही ते पटलं, वहिनी. दहा वर्षं गावोगावच्या बायकांनी रोज काढून ठेवलेल्या मुठींवर आपण जगलो. आता पोरांना मान वर करून जगू द्या.

तेव्हा दसऱ्याच्या आत मूठ बंद करावी. सगळे डबे स्वच्छ करून ज्यांचे त्यांना परत द्यावेत. आभाराची छापील पत्रकं वेगळ्या टपालानं पाठवली आहेत, ती प्रत्येक डब्यात घालावीत. सगळं कसं व्यवस्थित, शोभेसं झालं पाहिजे. कळंबला गेलात तर माझ्या आईला भेटा. तिची तब्येत कळवा.

आपला,
सखाराम


कर्जत
३ ऑक्टोबर १९७८

सखारामभावजींना सप्रेम जय भीम.

पेढा काही मिळाला नाही, तेव्हा गुळाचा खडा खाऊन पत्र वाचलं. वाचून रडले, हे तुम्हाला सांगायला हरकत नाही. हे गेल्यापासून दर महिन्याची वीस तारीख आली की मी कोठीतला तांदूळ मोजायला बसायचे. गेल्या महिन्यात बसले नाही.

तुमचं काम चोख केलं आहे. सगळे डबे अंगणात मांडून पोरांना राखेनं घासायला लावले. हिरामण म्हणाला, "बाय, येवडं घासलं तर पत्रा फाटंल." मी म्हटलं, फाटू दे, पण डाग दिसायला नको. उन्हात वाळवले. आत तुमची छापील पत्रकं घातली. डालड्याच्या जुन्या डब्यांत तोंड दिसायला लागलं होतं, भावजी! पोरांनी घरोघर नेऊन पोचवले. आईंचा डबा हिरामणच घेऊन गेला. त्या शेतावर होत्या म्हणून शेजारी ठेवून आला. तब्येत बरी असावी.

आता तुमच्याशी भांडण. मागल्या महिन्यात आलात, हिशेब पाहिलात, फळ्यावर पोरांनी लावलेले दिवे पाहिलेत, आणि पानं मांडली तर म्हणालात, "पाच-पंचविसाची गाडी चुकेल." दहा वर्षं झाली, तुमची ही गाडी कधी चुकली नाही. उभ्याउभ्या चहा घेता आणि जाता. आता तर कंपनीचा तांदूळ येणार आहे. आता एकदा बसा आमच्या पंगतीला. आमची आमटी काही वाईट नसते.

आपली,
आनंदी


गिरगाव
२२ जानेवारी १९७९

आनंदीवहिनींस,
स. न. वि. वि.

तुमची दोन्ही पत्रं आणि तार मिळाली. उत्तराला उशीर झाला, कारण लिहायला हात धजत नव्हता. कंपनीत टाळेबंदी झाली आहे. नोव्हेंबर-डिसेंबरचा हप्ता आता येणार नाही आणि पुढचेही नाहीत. मी तीन वेळा जाऊन आलो. फाटकावर कामगार बसलेले, त्यांच्यापुढून मी कोणत्या तोंडानं आत जाऊन आमच्या पोरांचं बोलू? आतून निरोप आला की देणगीचा विषय संपला.

घाबरू नका. मूठ पुन्हा सुरू करा. पीक निघालं आहे, घराघरात नवा तांदूळ आहे, माणसं आपलीच आहेत. कळंबमध्ये आधी आईकडे जा. मंडळाची पहिली मूठ तिनं दिली. तिनं डबा पुढे केला की गाव मागोमाग येईल. वायरमनची परीक्षा एप्रिलच्या अखेरीला आहे, तोवर कसंही करून निभवायचं. पोरांना परीक्षेला बसवलं की खोपोलीच्या कारखान्यांत त्यांची सोय लागेल. नाहीतर दोन वर्षांचं शिक्षण पाण्यात.

सखाराम


कर्जत
५ फेब्रुवारी १९७९

सखारामभावजी,
सप्रेम जय भीम.

माणसं आपलीच आहेत असं तुम्ही लिहिलंत. गिरगावातून ती तशी दिसत असतील.

मी आणि हिरामण दोन रविवार फिरलो. कळंब झालं, आजूबाजूच्या वाड्या झाल्या. कुणी शिवी दिली नाही, कुणी हाकललं नाही. पाणी दिलं. मग मुठीचं नाव काढलं की, "बगू, मालक आल्यावर." मालक समोर खाटेवर बसलेला! एका घरी सोनुबाई म्हणाल्या, "आमचा तांदूळ जाडा हाय, तुमच्या पोरास्नी चालंल का आता?"

शेवटी तुमच्या आईंकडे गेले. मला बघून त्या उठल्या, आत गेल्या आणि कडी लावली. भावजी, दहा वर्षांत मी त्या दाराला कडी पाहिली नव्हती. मी ओटीवर बसून राहिले. आतून सुपानं पाखडल्याचा आवाज येत होता. उन्हं उतरली तशी उठून आले.

तुम्हाला वाईट वाटेल, पण लिहिते. मला ठाऊक आहे हे काय आहे. कंपनीचा पैसा असेपर्यंत आमची पोरं चांगली. आता पुन्हा तीच बौद्धवाडीची पोरं, तीच एका पोत्यात सगळ्यांचं धान्य मिसळणारी. इतकी वर्षं लोकांनी पोटात ठेवलं, आता ओठांवर आलं. इतरांचं सोडा, पण आईंकडून मला ही अपेक्षा नव्हती.

इथली हालत सांगते. एक वेळ पेज, एक वेळ भात. आठजण घरी निघून गेले. त्यातला एक मला शिळफाट्यावर दिसला. ट्रकमध्ये रेती भरत होता. पक्कड धरायला शिकवलेले हात! मला बघून त्यानं तोंड फिरवलं. अकराजण उरलेत. मास्तर बिनपगारी येतात आणि आपला डबा दोघातिघांत वाटून खातात. वाण्याचं देणं फार झालं आहे. खालापूरला सरकारी कचेरीत दोनदा जाऊन आले. पुढच्या वर्षी अर्ज करा म्हणाले. पोरं संध्याकाळी पोटात पाय घेऊन पडतात आणि पाठांतर करतात. मला ते ऐकवत नाही. मी मोरीवर जाऊन उगीच घासलेली भांडी पुन्हा घासत बसते.

काहीतरी करा.

आनंदी


गिरगाव
१४ फेब्रुवारी १९७९

आनंदीवहिनींस,
नमस्कार.

काल समितीची बैठक झाली. ३१ मार्चला मंडळ बंद करावं असं सगळ्यांचं मत पडलं. मी विरोध केला नाही. कशाच्या बळावर करणार? भातगिरणीच्या मालकाला जागा खाली करून देण्याचं पत्र गेलं आहे. माझ्याकडून शंभर रुपये मनिऑर्डरनं पाठवतो आहे. यापलीकडे माझ्या पगारात काही नाही.

पण माझ्या आईबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते मला सहन झालं नाही. अडाणी बाई आहे, पण तिनं हा भेद कधी केला नाही. दामू आमच्या माजघरात जेवलेला आहे. तिच्याबद्दल असं मनात आणायला तुम्हाला काहीच वाटलं नाही? ती म्हातारी झाली, तिला कमी ऐकू येतं, तुमची हाक गेली नसेल. मी तिलाच पत्र टाकून विचारतो, म्हणजे तुमचा संशय फिटेल.

सखाराम


कळंब
२ मार्च १९७९

चिरंजीव सखाराम यास आय ठकूबाईचा आशीर्वाद. लिवनार हिरामण.

तुजं पत्र हिरामणनं वाचून दावलं. शेजारच्या घरात दिव्याची तार वडायला आला हुता, त्याला म्या हाक मारली. तू लिवतोस, आये, आनंदीची हाक तुला आयकू आली नाय का? आली. माजं कान शाबूत हायत. कडी म्याच लावली.

का लावली त्ये आयक. दामू पयल्यांदा डबा मागाया आला तवा म्हनला, आये, डबा नेईन भरलेला, पर आनीन तवा तळाला चार दानं ठिवून आनीन. रिकामं भांडं कुनाच्या दारात न्यायचं नस्तं. त्यो गेला, तरी पोरांनी त्ये मोडलं नाय. दर वेळंला डबा आला की मी हात घालून चार दानं चाचपायची. मंग त्यावर नवी मूठ टाकायची.

भावकी मला म्हनली, ठकूबाय, तुजा तांदूळ कुनाच्या तांदळात मिसळतो, ठावं हाय का? म्या म्हनलं, ठावं हाय, शिजल्यावर तुमी येगळा करून दावा. तुज्या धाकट्या भनीची पयली सोयरीक मोडली ती त्या बोलन्यापायी मोडली रं. तुला आमी कळवलं नाय. तू आपला ममईत हिशेब लिवीत हुतास.

आन दसऱ्याच्या तोंडावर डबा आला. घासून पुसून, लखलखीत. म्या हात घातला तर तळ लागला. आत कागद. मला काय वाचता येतंय? मयताच्या घरची भांडी घासून ठिवत्यात, तसा दिसला मला त्यो. तुमास्नी शेठ गावला, आनंदानं घ्या. पर म्हातारीची मूठ नको झाली तर तोंडानं येऊन सांगायचं हुतं. समद्या बायांनी असाच हात घातला आसंल आन तळ लागला आसंल. त्यास्नी मी कुठल्या तोंडानं सांगू, पुन्ना मूठ द्या म्हनून?

पोरं उपाशी हायत म्हनून हिरामण सांगतो. त्ये आयकून मला घास ग्वाड लागंना. पर डबा मी देनार नाय.

तुजी आय

(ता. क. काका, आजी बोलल्या तसंच लिहिलं आहे. डबा मीच नेला होता. चार दाणे ठेवू का असं मी बाईंना विचारणार होतो, पण मूठच बंद झाली तर दाणे कशाला, असं वाटलं. आजींनी मला पडवीत बसवलं नाही, आत बोलावून लिहून घेतलं. — हिरामण)


कर्जत
२० मार्च १९७९

सखारामभावजी,
सप्रेम जय भीम.

तुम्ही आईंचं पत्र नुसतं पाकिटात घालून पाठवलंत, स्वतःचा एक शब्दही लिहिला नाहीत. बरं केलंत. तुमच्या शब्दांना उत्तर द्यायचं बळ मला नव्हतं.

ते पत्र मी दारातच उभ्यानं वाचलं. चार दाणे! दहा वर्षं माझ्याच हातांनी ठेवले ना मी ते? घासताना एकदाही आठवू नये? आठवले होते, भावजी. पण त्यांत टोके-किडे पडतील, चांगला घासलेला डबा खराब होईल, असा मी विचार केला. तुम्हाला शोभेसं पाहिजे होतं आणि मला स्वच्छ. आणि त्यावर मी त्या बायांवर जातीचा आळ घ्यायला निघाले! माझं तोंड काळं झालं.

कोठीत थोडा तांदूळ होता, तो फडक्यात बांधला. पोरांना घेऊन पुन्हा गावोगाव गेले. मागायला नाही. म्हटलं, राहिलेले दाणे द्यायला आलो आहोत, डबा काढा. तर डबे कुठे आहेत? कुणाच्या डब्यात रॉकेल, कुणी तळाला भोकं पाडून कोंबड्यांना पाणी ठेवलेलं, कुणाच्यात मिरचीचं रोप. सोनुबाईंनी शेवटी पदर पसरला. त्यात मी चार दाणे टाकले आणि त्या रडल्या, मीही रडले. पण रडून मूठ सुरू होत नाही. पीक निघालं तेव्हा द्यायची ती वेळ गेली, आता ज्याच्या त्याच्या कणगीत पावसाळ्यापुरतं आहे. रिकामं फडकं घेऊन परत आलो. त्या दिवशी पोरांना फक्त चहा दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एस.टी.नं तुमच्या आई आल्या. भातगिरणीच्या दारात उभ्या राहिल्या, आत नजर टाकली आणि म्हणाल्या, "डबा आनला नाय गं मी. मूठबीठ आता नको. पोरंच धाड."

मी म्हटलं, "कुठे?"

"माज्या घरी. परीक्षा हुईस्तवर. दोगं मी घेते, दोन टायम पान मांडून वाढीन. बाकीच्यांचं गावात इचारू. पूर्वी वारानं पोरं जेवायची, तसं जेवतील. पान काय घासून परत धाडता येत नाय."

त्यांना बरोबर घेऊन घरोघर फिरले. मूठ देताना कुणी विचारत नसे, पण पानाला बसवायचं म्हटल्यावर प्रत्येक घरी पहिला प्रश्न एकच आला, पोरगा कुणाचा? तेव्हा मी चुकले होते तेही खरं, आणि चुकले नव्हते तेही खरं. पाचजणांना घरं मिळाली, ती पाचही कुणब्यांची पोरं. उरलेली सहा बौद्धवाडीची. सोनुबाईंनी नवऱ्याशी भांडून एकाला घेतलं, पण तो पडवीत जेवणार. मी नाही म्हणणार होते. तो पोरगाच म्हणाला, "बाय, परीक्षा हुंदे."

तुमच्या आईंना मी म्हटलं, तुम्ही निवडा. तर म्हणाल्या, "हिरामण आन त्याच्यासंगट कोन बी. आन म्या पडवीत वाढत नाय." काल पहिलं जेवण झालं. माजघरात, देवघराच्या भिंतीला पाठ लावून दोघांना बसवलं. संध्याकाळी भावकीतले चौघे अंगणात येऊन उभे राहिले. पुढच्या महिन्यात घरात तुमच्या पुतणीचं लग्न आहे, आम्ही मांडवात पाय ठेवणार नाही म्हणाले. आई सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही. ते गेल्यावर मात्र निवडलेले खडे त्यांनी पुन्हा सुपातच टाकले, हिरामण सांगत होता.

तिघांची सोय अजून नाही. त्यांना मी माझ्याजवळ ठेवलं आहे, गिरणी सुटेपर्यंत इथे आणि मग बौद्धवाडीत माझ्या भावाकडे. भावाचं स्वतःचंच भागत नाही. एप्रिलअखेरपर्यंत ते टिकतील की नाही, मला माहीत नाही. मी रोज सकाळी तिघेही अंथरुणावर आहेत ना ते आधी बघते.

आईंनी तुम्हाला निरोप दिला आहे. जसा दिला तसा लिहिते: "सखारामला म्हनावं, ममईत बसून माजी बाजू घिऊ नको. पुढल्या म्हयन्याच्या पयल्या रयवारी ये. हिरामणच्या मांडीला मांडी लावून माज्या माजघरात बस आन जेव. भावकी दारातनं बगंल. माजा ल्योक बसला तर मंग मी बगते कोन काय बोलतंय. आन नसल यायचं, तर तसं तोंडानं सांग. कागद नको धाडूस."

मंडळ बंद करायचं ते करा. पाटी मी स्वतः उतरवते. पण रविवारी आई पान मांडणार आहेत, आणि तुम्ही आला नाहीत तर ते सगळ्या गावादेखत रिकामं राहील.

आनंदी


गिरगाव
२७ मार्च १९७९

वहिनी,

आईनं कागद नको म्हटलं आहे, म्हणून हे पत्र तिला नाही, तुम्हाला लिहितो.

समितीच्या ठरावावर काल सही केली. मंडळाच्या खात्यात जे काही होतं ते वाण्याला आणि मास्तरांना पाठवून दिलं. पाटी उतरवू नका. मी येईन तेव्हा दोघं मिळून उतरवू.

तुम्ही दहा वर्षं ज्या गाडीवरून मला चिडवत आलात, तिच्याबद्दल एक सांगतो. पाच-पंचविसानंतरही मुंबईला जाणाऱ्या गाड्या होत्या. तुम्हाला ते माहीत होतं, मलाही माहीत होतं. दामूलासुद्धा माहीत असणार. तो कधी बोलला नाही. बहिणीची सोयरीक का मोडली, ते मला आईच्या पत्रातून कळलं. तिनं ते सोसलं आणि मी मात्र उभ्याउभ्या चहा घेत राहिलो.

तुमच्याकडे उरलेल्या तिघांनाही रविवारी कळंबला घेऊन या. आईला सांगा, पानं जास्त मांड. हिरामणला म्हणावं, माझ्यासाठी शेजारी जागा धर.

शनिवारी रात्रीच निघतो. परतीच्या गाडीची वेळ पाहिलेली नाही.

सखाराम